झोपाळा बसतो, एल आकाराचा सोफा बसत नाही

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. जरा आटोपशीर करून देते.

"आमचा हॉल १० बाय १६चा. तिसरा मजला, इमारत १२ वर्षांची. भिंती पार कळकट झाल्यात, म्हणून गणपतीच्या आत रंग काढून घ्यायचा आणि फर्निचरही बदलायचं असं ठरलंय. मिस्टरांना तीन भिंती राखाडी आणि एक गडद निळी हवीय, शिवाय एल आकाराचा मोठा सोफा. गुहागरचं घर बंद केल्यापासून सासूबाई आमच्याकडे असतात. तिथला सागवानी झोपाळा त्यांनी पितळी कड्यांसकट आणलाय. सहा महिने झाले, त्याची फळी कपाटामागे उभी आहे. त्या काही बोलत नाहीत, पण एक दिवसाआड फळीवरची धूळ पुसतात. लेकीला वाचायला एक कोपरा हवाय. मला सगळ्यांचंच पटतं. झोपाळा या हॉलमध्ये बसत नाही, हे आईंना न दुखावता कसं सांगू? आणि राखाडीची कोणती शेड घेऊ?"

तुमच्या पत्रासोबत लेकीने चौकटीच्या कागदावर काढून दिलेला हॉलचा नकाशाही मिळाला. दारं, खिडकी, पंखा, स्विचबोर्ड सगळं मापासकट आहे. तिला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण त्या कागदामुळेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदललं. आईंना काही सांगायची गरज नाही. झोपाळा बसतो. बसत नाही तो एल आकाराचा सोफा.

कसं ते इंचांत सांगते, म्हणजे मिस्टरांनाही दाखवता येईल. हॉल पूर्व-पश्चिम १० फूट आणि उत्तर-दक्षिण १६ फूट. मुख्य दार पूर्वेच्या भिंतीला, अगदी दक्षिण टोकाला. त्याच्यासमोर पश्चिमेला आत जायचा पॅसेज. म्हणजे दक्षिणेकडचा साडेतीन-चार फुटांचा पट्टा ही घराची येण्याजाण्याची वाट झाली, तिथे काहीच ठेवता येणार नाही. उत्तरेच्या दहा फुटी भिंतीत बाल्कनीचं सहा फुटी सरकतं काचेचं दार, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट भिंत. बसायला उरली ती पूर्वेची साडेबारा फूट भिंत आणि तिच्यासमोर पश्चिमेची टीव्हीची भिंत.

एल सोफा तुम्ही ८ फूट बाय साडेपाच फूट लिहिलाय. त्याची आखूड बाजू बाल्कनीकडे ठेवली, तर सहा फुटांच्या दारापैकी जेमतेम अडीच फूट उघडं राहतं. रोज धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन त्या फटीतून कोण जाणार आहे, ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या टोकाला फिरवला, तर दार उघडल्याबरोबर येणाऱ्याला सोफ्याची पाठ दिसणार आणि वळसा घालून आत यावं लागणार. दुकानात हे सोफे छान दिसतात, कारण तिथे चारही बाजूंनी मोकळी जागा असते आणि बाल्कनी नसते. दहा फुटांच्या खोलीत एल सोफा एकदा ठेवला की तो तिथेच. पुढे दहा वर्षं खोलीत दुसरं काहीच हलवता येत नाही. आपल्या हॉलमध्ये वर्षभरात गणपती बसतात, हळदीकुंकू होतं, पाहुणे आले की रात्री गाद्या पडतात. माझा आक्षेप त्याच्या आकाराला नाही, या न हलण्याला आहे.

आता झोपाळा. फळी साडेचार फूट लांब आणि २० इंच रुंद, असं लेकीने लिहिलंय. तो उत्तर-पूर्व कोपऱ्यात टांगा, पण बसणाऱ्याची पाठ बाल्कनीकडे आणि तोंड दक्षिणेला येईल असा. फळीचं एक टोक पूर्वेच्या भिंतीपासून सहा इंचांवर, म्हणजे दुसरं टोक बरोबर पाच फुटांवर येईल. सरकत्या दाराचा अर्धा भाग झोपाळ्यामागे जाईल, तो कायमचा बंद ठेवा. पश्चिमेकडचा अर्धा, पूर्ण तीन फूट, बाल्कनीत जायला मोकळा राहील. संथ झोक्याला मागे दीड फूट, पुढे दीड फूट, फळीचे २० इंच आणि पुढे पायांना सव्वा-दीड फूट धरा. सगळं मिळून सहा फूट होतात. साडेबारातून सहा गेले, उरले साडेसहा. त्यात सहा फुटांचा, बारीक हातांचा तीन आसनी सोफा पूर्वेच्या भिंतीला लागतो आणि दाराच्या चौकटीजवळ अर्धा फूट शिल्लकही राहतो. झोपाळा आणि सोफा मिळून आपोआप एल तयार झाला. मिस्टरांना हवा असलेलाच, फक्त त्याची एक बाजू हलती.

या जागेचा आणखी एक फायदा मला नकाशा बघतानाच दिसला. आई तिथे बसल्या की त्यांना दारातून कोण आलं ते दिसेल, पॅसेजमधून कोण गेलं ते दिसेल, आणि मागून येणारा उजेड त्यांच्या हातातल्या कामावर पडेल. मग ती पोथी असो, वाती वळणं असो नाहीतर भाजी निवडणं. कोकणातल्या घरांत झोपाळा ओटीवर असतो तो याचसाठी. येणाराजाणारा तिथून दिसतो आणि घरात काय चाललंय ते ऐकूही येतं. गाव सोडून आलेल्या बाईला बेडरूममध्ये स्वतंत्र पलंग, कपाट, टीव्ही सगळं दिलं, तरी ही जागा मिळालेली नसते. एक दिवसाआड ती धूळ पुसली जाते याचा अर्थ मी एवढाच घेते.

पण टांगायचं काम गांभीर्याने घ्या. पंख्याच्या हुकाला झोपाळा कधीही लावायचा नाही, तो हुक पंख्यापुरताच असतो. सुताराला किंवा इलेक्ट्रिशियनला "दोन हुक ठोकून द्या" म्हणून सांगायचं हे काम नव्हे. दोन माणसं बसली की दीडशे किलो सहज होतात आणि झोका घेताना ओढ त्याहून जास्त पडते. स्ट्रक्चरल इंजिनीअरला एकदा घरी बोलवा, स्लॅबमध्ये सळ्या कुठून गेल्यात आणि लपवलेल्या वायरिंगचे पाइप कुठून गेलेत ते पाहून त्यांनीच चार जागा आखून द्याव्यात. तुमच्यावर चौथा मजला आहे, तेव्हा सोसायटीला आधी लेखी कळवा. इंजिनीअर नको म्हणाले, तर हट्ट करू नका. लोखंडी किंवा सागवानी चौकटीवर झोपाळा टांगता येतो. चौकटीला दोन्ही बाजूंना पाचसहा इंच जास्त लागतील, बाल्कनीची वाट तेवढी कमी होईल. पंखा हॉलच्या बरोबर मध्यावर आहे आणि ४८ इंची पात्यांचा आहे, त्याची पाती उत्तरेपासून सहा फुटांच्या पुढेच सुरू होतात. कड्या त्यात यायची भीती नाही. काळजी आहे ती मागच्या काचेची. पोरासोरांनी या झोपाळ्यावर उंच झोके घ्यायचे नाहीत, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

सोफ्यासमोरची मापंही देऊन टाकते. भिंतीपासून दोन इंच सोडून सोफा, म्हणजे तीन फूट गेले. सोफा आणि टीपॉय यांत १६ इंच. टीपॉय १८ इंच रुंद, जास्त नको. टीव्हीखालचं कपाट १४ इंच खोल. टीपॉय आणि कपाट यांच्यामध्ये जवळजवळ तीन फुटांची वाट उरते, ती सरळ बाल्कनीच्या उघड्या दाराशी जाते. टीव्हीसमोरून माणूस जाईल, ते या खोलीत टळणारं नाही. टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवरच ठेवा, कारण बाल्कनीचा उजेड तिथे बाजूने येतो आणि पडद्यावर काचेसारखा चमकत नाही. सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून भिंत सुमारे आठ फूट पडते. मिस्टर म्हणतात तो ५५ इंची टीव्ही तिथे चालेल, तेव्हा त्यांच्या यादीतली ही गोष्ट बिनघोर मान्य करा. पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर आला पाहिजे. टीव्ही लावायला येणारी मुलं उभ्याच्या नजरेने खूप वर लावून जातात आणि मग मानेला रग लागते. वळणारा ब्रॅकेट घ्या, आईंच्या मालिकेच्या वेळी तो झोपाळ्याकडे थोडा फिरवता येईल.

लेकीचा कोपरा उत्तर-पश्चिमेला. बाल्कनीच्या दाराशेजारी जी दोन फूट भिंत आहे, तिथे तुमच्याकडच्या दोनपैकी एक वेताची खुर्ची आणि मागे उभा दिवा. दुसरी खुर्ची बाल्कनीत राहू दे, पाहुणे आले की आत येईल. वेताची खुर्ची एका हाताने उचलता येते, म्हणून ती विकू नका.

गणपतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्याकडे दीड दिवसाचा असतो असं ओझरतं लिहिलंय. झोपाळ्याच्या कड्या हुकातून काढल्या की ईशान्येचा सहा फुटांचा अख्खा कोपरा मोकळा होतो. मखर तिथे. हळदीकुंकवाला टीपॉय आत नेऊन ठेवायचा, सतरंजी अंथरायची. सोफ्यावर तीन, झोपाळ्यावर दोन, खुर्च्यांवर दोन, बाकीच्या खाली. वीस बायका आरामात बसतील.

रंगाकडे आता वळते, कारण तो ठरवायची वेळ आत्ता येते. बहुतेक जण आधी रंग ठरवतात आणि मग सामान. मी उलट सांगते. रंगाचे हजार पर्याय आहेत, सोफ्याच्या कापडाचे शंभर, आणि तुमच्या फरशीचा एकच. जे बदलणार नाही तिथून सुरुवात करायची. तुमच्या घरात न बदलणाऱ्या गोष्टी तीन: बिल्डरने घातलेल्या हस्तिदंती चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, दारांच्या तपकिरी चौकटी आणि झोपाळ्याचं जुनं सागवान. तिन्ही पिवळट-तांबूस कुळातल्या आहेत. त्यांच्याशेजारी निळसर झाक असलेला राखाडी उभा केला की भिंत स्वच्छ दिसते आणि फरशी मळकी. मग माणूस फरशी घासत बसतो, पण मळ फरशीत नसतोच, तो शेजारच्या रंगामुळे दिसत असतो. पांढऱ्याशुभ्र भिंतींचंही तेच. हस्तिदंती फरशीवर शुभ्र पांढरा लावू नये.

दुसरं कारण उजेडाचं, आणि ते याहून मोठं आहे. तुमच्या हॉलला उजेड फक्त उत्तरेचा. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून वर्षभर जवळजवळ थेट ऊन येत नाही. डोंबिवलीच्या अक्षांशावर सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारीही माथ्याच्या उत्तरेला असतो, त्या सुमारास सकाळ-संध्याकाळ थोडी तिरीप आत येऊ शकते, पण त्यातले निम्म्याहून जास्त दिवस पावसाळी ढगांत जातात. उत्तरेचा उजेड शांत आणि एकसारखा असतो, चित्रकार स्टुडिओला तोच शोधतात. पण तो आकाशाचा उजेड असल्यामुळे थोडा निळसर असतो. राखाडी रंगाला स्वतःचं असं फार काही नसतं, तो समोर येईल तो उजेड घेतो. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये तो निळसर, पाणथळ दिसेल, आणि जुलै-ऑगस्टमध्ये भरून आलेल्या दुपारी चार वाजता दिवे लावावे लागतील. ज्या फोटोंवरून तुम्ही दोघांनी राखाडी पसंत केलात, त्यांत बहुतेक वेळा भिंतभर खिडक्या आणि भरपूर ऊन असतं. पश्चिमेच्या रखरखीत उन्हाच्या हॉलला हाच राखाडी मी आनंदाने सुचवला असता, तिथे तो डोळ्यांना थंडावा देतो.

तेव्हा पूर्व, पश्चिम आणि उत्तर या तीन भिंतींना सायीचा रंग. दुधावरची साय थंड झाल्यावर दिसते तसा, पांढऱ्यात किंचित पिवळा आणि त्याहून किंचित तांबडा. क्रीम म्हटलं की दुकानदार लिंबाकडे झुकणारा पिवळा दाखवतील, तो नको. संध्याकाळी दिव्यात तो आजाऱ्यासारखा दिसतो. गुलाबीकडे झुकणाराही नको. रंग किती उजेड परत फेकतो याचा ० ते १०० असा एक आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. शेड कार्डावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर तो सापडतो. तुमच्या भिंतींसाठी ७० ते ८० यांमधला घ्या. आणि छताला साधा पांढराच द्या, फॉल्स सीलिंगच्या भानगडीत पडू नका. साडेनऊ फुटांच्या उंचीतला अर्धा फूट तुम्हाला झोपाळ्यासाठी लागणार आहे.

राहिली चौथी, दक्षिणेची भिंत. मिस्टरांना एक भिंत गडद हवी आहे आणि ते बरोबर आहेत. लांबट खोलीच्या टोकाची आखूड भिंत गडद, उबदार रंगाची केली की ती जवळ आल्यासारखी वाटते आणि खोलीचा बोगदा होत नाही. शिवाय ही भिंत बाल्कनीच्या बरोबर समोर, तिच्यावर उजेड तोंडावर पडतो, त्यामुळे गडद रंग तिथे विझत नाही. उत्तरेच्या भिंतीला मात्र चुकूनही गडद लावू नका. जिच्यात खिडकी असते ती भिंत आधीच उजेडाच्या विरुद्ध बाजूला असल्यामुळे काळवंडलेली दिसते, तिला आणखी गडद केलं तर काच डोळ्यांत खुपते. खूप ठिकाणी मी ही चूक पाहिली आहे, कारण सोफ्यावरून समोर दिसते ती भिंत माणसं निवडतात आणि उजेड कुठून येतो ते बघतच नाहीत.

कोणता गडद? निळा नको, तो तुमच्या खोलीत थंड पडेल. मी जांभ्याचा रंग सुचवते. गुहागरकडच्या घरांच्या, गडग्यांच्या चिऱ्यांचा तो तांबूस, मातकट, थोडा केशरीकडे जाणारा रंग. ताजा कापलेला चिरा असतो तसा भडक नव्हे, दोनचार पावसाळे पाहिलेला, निवलेला. दुकानात जांभा म्हणून मिळणार नाही. विटकरी आणि गेरू यांच्या मधल्या शेड्स काढून दाखवा म्हणावं. जांभ्याचा तांबडेपणा आणि गेरूचा तांबडेपणा दोन्ही लोहाच्या ऑक्साइडचेच. या जातीच्या रंगांचा आणखी एक गुण असा की ते उन्हाउजेडाने सहसा उडत नाहीत. सागवानाशी तो जमतो, हस्तिदंती फरशीशी जमतो, आणि झोपाळ्यावर बसलं की समोर नेमकी हीच भिंत येते. आईंना रंगाबद्दल विचारायचं असेल, तर शेड कार्ड हातात देऊन विचारू नका. त्यांच्या घराचा गडगा कसा दिसायचा ते विचारा आणि त्या सांगतील त्याच्याशी शेड जुळवा.

मिस्टरांचा निळा आणि राखाडी सोडून द्यायचा नाही. सोफ्याचं कापड राखाडी घ्या, पण तपकिरी मिसळलेला, ओल्या वाळूसारखा. घट्ट विणीचं, काढून धुता येईल असं. निळा सतरंजीत आणि दोन उशांत येऊ दे. खणाच्या कापडाची निळी उशी जांभ्याच्या भिंतीसमोर किती खुलते ते बघा. भिंतीवर जो निळा दहा वर्षं सहन करावा लागला असता, तो उशीवर दोन वर्षांत बदलता येतो. सोफा पायांवर उभा असलेला घ्या, खाली सहा इंच मोकळं हवं, म्हणजे झाडू आणि फडकं दोन्ही आत जातं. तुमच्याकडे पावसात हवा इतकी दमट असते की भिंतीला चिकटून ठेवलेल्या सामानामागे बुरशी धरते, म्हणून सोफा आणि टीव्हीचं कपाट दोन्ही भिंतीपासून दोनतीन इंच सुटं ठेवा.

शेड कार्डावरच्या दोन इंची तुकड्यावरून रंग पक्का करू नका, एवढी एक विनंती आहे. चार भिंतींवर लागला की रंग एकमेकांवर परावर्तित होतो आणि कार्डापेक्षा एक पायरी गडद भासतो. सायीच्या दोन शेड्स आणि जांभ्याच्या दोन, अशा चार छोट्या बाटल्या आणा. जुन्या खोक्याचे दोन फूट बाय दोन फूट पुठ्ठे कापा, आधी पांढरा हात मारा, मग प्रत्येकावर दोन हात. भिंतीवरच नमुना लावला तर शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो, म्हणून पुठ्ठा. तो टेबलावर आडवा ठेवून बघायचा नाही, भिंतीला उभा टेकवायचा, खालची कड फरशीला लागलेली. सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी सातला दिवा लावून. दोन दिवस तसाच राहू दे, येताजाता नजर पडू दे.

आणि तो संध्याकाळचा दिवा कोणता, हेही बघा. तुमच्या हॉलमध्ये पांढरी ट्यूब आहे. अशा ट्यूब साधारण ६५०० केल्विनच्या असतात (केल्विन हा उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका कमी तितका उजेड पिवळसर), त्यात सायीचा रंग हिरवट होतो आणि जांभा चॉकलेटी. दिवे बदलून ३००० केल्विनचे उबदार घ्या, किंवा आईंना वाचायला पांढरा हवा असेल तर ४००० चालतील, पण सगळे एकाच आकड्याचे. छताच्या मध्यावर एकच मोठा दिवा लावण्यापेक्षा तीन ठिकाणी विभागा: झोपाळ्याशेजारी भिंतीवर, खुर्चीमागे, आणि दक्षिणेच्या भिंतीवर वरून खाली उजेड सोडणारा एक. दाराजवळचा तो भाग खिडकीपासून सर्वांत लांब आहे, दुपारीही तिथे दिवा लागेल.

रंगाचा प्रकार विचाराल तर धुता येणारा मॅट इमल्शन. चमकणारा नको, आणि त्याला तुमच्या घरापुरतं खास कारण आहे. बाल्कनीचा उजेड पूर्व आणि पश्चिमेच्या लांब भिंतींवरून घासत जातो. अशा तिरक्या उजेडात पुट्टीचा प्रत्येक उंचसखल हात उठून दिसतो आणि चमकदार रंग ते दुप्पट दाखवतो. माल किती लागेल याचाही हिशोब करून ठेवा, कंत्राटदारावर सोडू नका. चार भिंती मिळून ५२ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे सुमारे ४९५ चौरस फूट. दारं आणि पॅसेज वजा जाता ४०० राहतात. त्यातली दक्षिणेची ९५. दोन हातांना लिटरमागे १२० चौरस फूट धरले तर सायीचा रंग अडीच लिटर लागतो, तीन आणा, उरलेला डाग झाकायला ठेवा. गडद तांबड्या शेड्सना बरेचदा तिसरा हात लागतो, म्हणून जांभ्याचे दोन लिटर.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. गणपतीच्या आत रंग काढू नका. बाल्कनीच्या भिंतीला खाली पोपडे आलेत असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण सगळ्यात आधी करायचं काम ते आहे. भिंतीत पाणी मुरतंय, बहुधा बाल्कनीच्या फरशीच्या सांध्यांतून किंवा उतार उलटा असल्यामुळे. ओलीबरोबर प्लास्टरमधले क्षार वर येतात आणि रंग ढकलून देतात. त्याच्यावर कितीही महाग रंग चढवला तरी पुढच्या पावसात तो गळून पडतो. माझ्या स्वतःच्या घरी घाईने वर नुसती पुट्टी फिरवून दिली गेली होती, नऊ महिन्यांत फुगली आणि सगळी भिंत पुन्हा खरवडावी लागली. पोपडे आत्ताच खरवडून ठेवा म्हणजे भिंत श्वास घेईल, पावसात पाणी कुठून येतं ते याच दिवसांत नीट कळेल. गणपतीला त्या कोपऱ्यात मखर येणारच आहे, मागे पडदा लावला की झालं. पाऊस संपला की बाल्कनीचं वॉटरप्रूफिंग, मग प्लास्टर, आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टीला हात लावू द्यायचा नाही. नव्या प्लास्टरला महिनाभर तरी द्या. दिवाळीच्या आत झालं नाही तर दिवाळीनंतर. दिव्यांच्या नव्या जागांसाठी भिंतीत झिऱ्या पाडणं आणि झोपाळ्याचे हुक, ही दोन्ही धुळीची कामं पुट्टीच्या आधी उरकून घ्या, सोफ्याची ऑर्डर सगळ्यांत शेवटी.

पडद्यांचं थोडक्यात. थेट ऊन नसल्यामुळे जाड अस्तराचे पडदे नकोत, सायीच्याच रंगाचं सुती कापड, दांडी दारापेक्षा सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना थोडी बाहेर, कापड फरशीपर्यंत.

हुक लावायला माणूस येईल त्या दिवशी आई घरी आहेत ना ते बघा. फळीची उंची तो टेपने ठरवायला जाईल, तसं करू देऊ नका. कड्या तात्पुरत्या अडकवून आधी त्यांना बसवा. पाठ सरळ असताना दोन्ही पावलं फरशीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि उठताना गुडघ्यांवर जोर यायला नको. बहुतेकींना हे १७-१८ इंचांवर जमतं, पण त्यांच्या पायांचं माप त्यांनाच माहीत. त्या "हं" म्हणाल्या की मगच कडी पक्की करायची.